पासंग

डुलुथ, फेब्रुवारी. खिडकीबाहेर
सरोवर गोठून पांढरं पडलेलं.
कॉलेजच्या तळघरात आम्ही सहा जण,
सहा पेन्सिली, कॉफीची एक टाकी,
आणि प्रत्येकापुढे तोच तक्ता:
चार ओळी, चार रकाने.
मध्यवर्ती विचार. मांडणी. पुरावे. भाषा.
दोन आणि तीनच्या सीमेवर
‘बहुतांशी’ असा एक शब्द उभा आहे,
सकाळची चाळीस मिनिटं त्याच्याशीच गेली.

नमुन्याच्या निबंधाला कर्टिसने चार दिले, मी दोन.
‘तुला काय दिसलं?’ मी.
‘तुला काय दिसलं नाही?’ तो.
तीनवर आलो शेवटी. मंडईतल्यासारखे नाही,
वाक्यावर बोट ठेवून, एकेक पायरी.
मार्लिस आक्रे, आमची प्रमुख, बर्फाचे बूट न काढताच म्हणाली,
‘पोर कुणाच्या गठ्ठ्यात पडलं
यावर त्याचं नशीब ठरू नये. एवढंच.’

हे मी आधी ऐकलं होतं, दुसऱ्या शब्दांत.
बाबा वजनमापे खात्यात होते, बार्शीला.
निळ्या मखमलीच्या पेटीत त्यांची पितळी वजनं,
चिमट्यानेच उचलायची.
बोटांच्या घामालाही वजन असतं, म्हणायचे.
एका वर्षी भुसार पेठेत
मामाच्या दुकानातलं दोन किलोचं माप
बुडातून पोखरलेलं निघालं.
त्यांनी ते जप्त केलं, पावती फाडली.
त्या दिवाळीला आई माहेरी गेली नाही.

पेपर सतरा. अकरा वाजून दहा मिनिटं.
‘उणे तीसमध्ये ट्रक कसा सुरू करावा.’
मध्यवर्ती विचार शोधावा लागतो, स्वल्पविराम वाटेल तिथे,
पण चौथ्या परिच्छेदात बाप
किल्ली फिरवण्याआधी हातमोजा काढतो
आणि बॉनेटवर तळहात ठेवतो,
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
तक्त्यात तळहाताला ओळ नाही.
मी ‘पुरावे’मध्ये बसवला त्याला. तीन.

मग सूप, मग अठरा, एकोणीस, चाळीस.
डुलुथमध्ये दर सहावं पोर थंडीतल्या ट्रकवर लिहितं.
साडेचारला दिवे लागले,
माझ्या पुढ्यात एकसष्ट. दोन. पुढे.

पाच वाजता मार्लिसने यादी वाचली.
‘काही पेपर आम्ही दोनदा घातले होते,
वेगळ्या अक्षरात छापून.
सतरा आणि एकसष्ट एकच.’
तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं सौजन्य.
कर्टिसने पाहिलं, हे त्याचं.

मी पान पुन्हा उघडलं.
तळहात तिथेच होता.
चौथ्या परिच्छेदापर्यंत मी गेलेच नव्हते.

काटा मारणारा वाणी निदान जाणून मारतो.
मला वाटायचं, बाबांच्या पेटीतली वजनं
म्हणजे शेवटचा शब्द. पण तीही वर्षातून एकदा
एसटीने वरच्या ऑफिसात जात, तपासून घ्यायला,
आणि बाबा ती पेटी मांडीवर घेऊन बसत
दहावीच्या निकालाला निघालेल्या मुलासारखे.
कधी काही कमी भरलं का, विचारलं होतं मी.
‘भरतं ना,’ म्हणाले. ‘झिजतं. वापरातलं आहे.’

सतरा तिसऱ्या वाचकाकडे गेला.
त्याला काय मिळालं, ते आम्हाला सांगत नाहीत.
उद्यासाठी मी तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय,
मार्लिसची परवानगी न घेता:
शेवटपर्यंत वाच. जेवली आहेस का, ते बघ.

पार्किंगमध्ये उणे बावीस.
गाडी दोनदा कण्हली आणि गप्प झाली.
मी उतरले, हातमोजा काढला,
उघडा हात बॉनेटवर ठेवला.
लोखंड कातडीला चिकटलं क्षणभर.
घोडा काही बोलला नाही.